एफएमआय इमेज लॉग: भेगांची दिशा विकत घेण्याआधी

बेसमेंटमध्ये, म्हणजे गाळाच्या खडकांखालच्या ग्रॅनाइट, नाइस, बेसाल्टसारख्या घट्ट खडकात, तेल असलंच तर ते भेगांमध्ये असतं. दगडाच्या अंगात जागा जवळजवळ नसते. त्यामुळे विहीर कितीही खोल नेली, तरी ती भेगांना आडवी गेली नाही तर हाती फारसं लागत नाही. व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्रात १९८८पासून भेगाळ ग्रॅनाइटमधून तेल निघतंय. आपल्याकडे मुंबई हायचा तळ, कावेरी खोऱ्यातलं मदनम आणि आसाम-नागालँड सीमेवरचं बोरहोला-चांगपांग ही याच जातीची ठिकाणं. अशा जागी दुसरी विहीर कोणत्या दिशेला वळवायची हे ठरवण्यासाठी पहिल्या विहिरीतल्या भेगांची दिशा मोजावी लागते, आणि त्यासाठी कोणता लॉग (विहिरीत टूल उतरवून खोलीनुसार घेतलेली नोंद) मागवायचा यावर चर्चा सुरू झाली की पहिलं नाव निघतं एफएमआयचं, म्हणजे विहिरीच्या भिंतीचं विजेने चित्र काढणाऱ्या टूलचं.

श्लंबर्गर (२०२२पासून एसएलबी) ही सेवा १९९१पासून देते आहे. निकाल आधीच सांगतो: मड (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव) पाण्याचा असेल आणि भोक साडेआठ इंची किंवा त्याहून लहान असेल, तर दिशेसाठी ही सेवा डोळे झाकून घ्यावी, पण तिचा अहवाल डोळे झाकून घेऊ नये. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला, कारण भेग उघडी आहे की बुजलेली हे ती एकटी सांगू शकत नाही. आणि दिशा खरी आहे हे सिद्ध करणारे कागद मागितल्याशिवाय सहसा हातात पडत नाहीत. ही तक्रार एका कंपनीची नाही, सगळ्या धंद्याची आहे.

टूल काय करतं

पाच इंच व्यासाचं टूल, चार हात. प्रत्येक हातावर एक पॅड आणि त्याला बिजागरीसारखा जोडलेला एक फ्लॅप. प्रत्येक पॅडवर आणि प्रत्येक फ्लॅपवर २४ बटणं, म्हणजे एकूण १९२. टूल विहिरीच्या तळाशी उतरवतात, हात उघडून पॅड भिंतीला टेकवतात आणि वर ओढत आणतात. प्रत्येक बटणातून खडकात किती वीज शिरते याची नोंद दर ०.१ इंचाला, म्हणजे अडीच मिलिमीटरला होते. बटणाची स्वतःची नजर मात्र ०.२ इंचाची, पाच मिलिमीटरची. वीज जास्त गेली तिथे रंग गडद, कमी गेली तिथे फिका. भेगेत खारा मड शिरलेला असतो, म्हणून ती काळी रेघ दिसते.

१० मायक्रॉनची भेगसुद्धा चित्रात पाच मिलिमीटर जाड दिसते, हे विसरू नका. बैठकीत कोणी चित्रावर बोट ठेवून ‘केवढी मोठी भेग’ म्हणालं, तर ते मोजमाप बटणाचं आहे, भेगेचं नाही. रुंदी काढायची तर लूथी आणि सुहाइते यांचं १९९०चं सूत्र वापरतात. त्यासाठी मडचा रोध (विजेला होणारा अडथळा), भेगेलगतच्या खडकाचा रोध आणि भेगेपाशी वाढलेल्या वीजप्रवाहाची बेरीज लागते. त्याआधी चित्राचे आकडे उथळ रेझिस्टिव्हिटी लॉगशी जुळवून घ्यावे लागतात. जुळणी न करता दिलेली रुंदी भेगा-भेगांची आपसात तुलना करायला चालते, परवानगीच्या कागदावर छापायला नाही.

भिंतीचा किती भाग दिसतो हे भोकाच्या व्यासावर ठरतं. आठ इंची भोकात ८० टक्के. साडेआठमध्ये साधारण ७५. सव्वाबारा इंचीमध्ये निम्म्याच्या जरा वर, उरलेलं सगळं पांढऱ्या पट्ट्या. मोठी भेग त्या पट्ट्या ओलांडून जुळवता येते. आखूड, अर्धवट भेगा मात्र पट्ट्यांत हरवतात. म्हणून बेसमेंटचा टप्पा साडेआठ इंचीत मारायचा हा निर्णय लॉगिंगवाल्यांना बोलावण्याच्या कितीतरी आधी, केसिंगचा, म्हणजे विहिरीत बसवायच्या पोलादी नळ्यांचा, आराखडा ठरतानाच घ्यावा लागतो.

वेग ताशी १,८०० फूट, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास. ५०० मीटर बेसमेंट तासाभरात वर येतं. रिगच्या भाड्याच्या मानाने हा वेळ काहीच नाही, आणि ‘रिगचा वेळ जातो’ म्हणून फेरतपासणीची दुसरी फेरी टाळणाऱ्यांना इथे सबब नाही.

लाटेतून दिशा

उसाच्या कांड्याभोवती कागद गुंडाळून कोयत्याचा तिरका घाव घातला आणि कागद उलगडला, तर कापाची रेघ लाटेसारखी दिसते. इमेज लॉगवर भेग अशीच दिसते. चित्राची डावी कड उत्तर, मग पूर्व, मध्यावर दक्षिण, मग पश्चिम आणि उजवी कड परत उत्तर. लाटेचा सर्वांत खालचा बिंदू ज्या दिशेला येतो, भेग त्या दिशेला कलते. लाटेची उंची भागिले भोकाचा व्यास, ही झाली कलाच्या कोनाची टॅन्जन्ट.

साडेआठ इंच म्हणजे २१६ मिलिमीटर. लाट माथ्यापासून तळापर्यंत ५१० मिलिमीटर असेल तर कल ६७ अंश. पण त्या खोलीवर भोक धुपून दहा इंच झालं असेल आणि गणितात बिटचा (ड्रिलच्या टोकाचा) व्यास घातला असेल, तर खरा कल साडेत्रेसष्ट असताना तुम्हाला सदुसष्ट मिळतो. म्हणून कॅलिपरचा व्यास वापरला का, हा पहिला प्रश्न. हातांच्या दोन जोड्यांवरून दोन काटकोनी व्यास हेच टूल मोजतं, तेव्हा आकडा नाही असं होत नाही. तो वापरला जात नाही, एवढंच.

विहीर तिरकी असेल तर हे कोन विहिरीच्या अक्षाच्या हिशेबाने मिळतात. त्यांना विहिरीचा कल आणि दिशा लावून खऱ्या डिपमध्ये, म्हणजे आडव्या पातळीपासूनच्या कलात, बदलावं लागतं. सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, पण सर्व्हेची फाइल चुकीची जोडली तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही.

सगळी मदार इन्क्लिनोमीटरवर

चित्र कितीही देखणं असो, त्याची उत्तर दिशा येते टूलच्या वर बसवलेल्या इन्क्लिनोमीटरमधून. त्यात तीन ॲक्सेलेरोमीटर आणि तीन मॅग्नेटोमीटर असतात. पहिल्या तिघांकडून विहिरीचा कल आणि टूलचा वेग, दुसऱ्या तिघांकडून उत्तर. सहापैकी एक बिघडला तर चित्र तसंच सुंदर दिसतं, फक्त सगळ्या भेगा दुसऱ्याच दिशेला जातात. इमेज लॉगच्या कामात याहून महाग चूक एकच आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

तपासणी अवघड नाही. तिन्ही ॲक्सेलेरोमीटर मिळून गुरुत्व ९.८च्या आसपास स्थिर हवं. तिन्ही मॅग्नेटोमीटर मिळून त्या जागेचं एकूण चुंबकीय क्षेत्र यायला हवं. मुंबईच्या परिसरात ते ४२ ते ४३ हजार नॅनोटेस्ला असतं आणि त्याचा खालच्या बाजूचा कल २५-२६ अंश. टूल वर येताना हळूहळू गोल फिरतं, तेव्हा दोन आडव्या मॅग्नेटोमीटरचे आकडे एकमेकांविरुद्ध मांडले की शून्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं पाहिजे. वर्तुळ सरकलेलं किंवा चेपलेलं दिसलं, तर दुरुस्ती झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

केसिंगच्या शूखालचे (खालच्या टोकाखालचे) दहा-पंधरा मीटर दिशेसाठी सोडून द्यावेत. पोलाद चुंबकसुई भरकटवतं. बेसाल्टमध्ये आणखी एक भानगड आहे. दख्खनचे लाव्हा थंड होताना त्यांनी त्या काळचं चुंबकत्व धरून ठेवलंय, आणि त्यातले बरेचसे थर आजच्या उलट्या ध्रुवाचे. अशा थरातून जाताना एकूण क्षेत्राची रेघ हलली, तर तेवढ्या पट्ट्यातली दिशा मॅग्नेटोमीटरवरून धरू नये. विहीर पुरेशी तिरकी असेल तर विहिरीच्या वरच्या बाजूवरून, म्हणजे हाय-साइडवरून, आणि चुंबकावर न चालणाऱ्या जायरो सर्व्हेवरून दिशा काढता येते. अगदी उभ्या विहिरीत हाय-साइडला अर्थ उरत नाही, तिथे जायरोचाच आधार.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, दिक्पात, मुंबईकडे एक अंशही नाही. त्यामुळे इकडे काम शिकलेले लोक ती दुरुस्ती तपासायलाच विसरतात, आणि इथे ते खपूनही जातं. तीच सवय घेऊन अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर गेलं, तर दहा अंशांहून जास्त चूक होते.

ओढताना काय बिघडतं

टूल तारेवर असतं. भिंतीला अडकतं, तार ताणली जाते, मग झटक्यात सुटतं. अडकलेल्या वेळात एकाच जागेच्या नोंदी पुन्हा पुन्हा होतात आणि सुटल्यावर पुढचा भाग निसटतो. चित्रात करवतीच्या दात्यांसारख्या कडा येतात, लाटा ताणलेल्या किंवा चेपलेल्या दिसतात. उभ्या ॲक्सेलेरोमीटरवरून वेगाची दुरुस्ती करतात आणि ती बहुतेक वेळा नीट बसते. टूल पूर्ण थांबलं असेल तर मात्र गेलेली माहिती परत येत नाही. तारेच्या ताणाची रेघ लॉगच्या कडेला छापलेली असते. ती आधी बघा, चित्र मग. जॅकअप रिग तळावर उभी असते म्हणून लाटांचा त्रास नाही. तरंगत्या रिगवर समुद्राचं वर-खाली होणं तारेवाटे थेट टूलपर्यंत जातं, तिथे ते झेलणारा कॉम्पेन्सेटर चालू होता का हे विचारावं.

दुसरी अडचण घट्ट खडकाचीच. टूलच्या मर्यादेनुसार खडकाचा रोध मडच्या रोधाच्या २०,००० पटींच्या आत हवा. भेग नसलेल्या ग्रॅनाइटचा रोध दहा हजार ओहम-मीटरवर सहज जातो. मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरपूर असेल आणि तळाच्या तापमानाला त्याचा रोध ०.१ ओहम-मीटरवर आला असेल, तर पट होते एक लाख. मग वीज खडकात शिरण्याऐवजी पॅडच्या कडेने मडमधूनच पळते आणि चित्र धुरकट होतं. नव्या एफएमआय-एचडीमध्ये इलेक्ट्रॉनिक्स सुधारल्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय, पण पाण्याच्या मडमध्ये मीठ किती हे ठरवताना लॉगिंगवाल्याला खोलीत बसवणं त्याहून स्वस्त. उलट टोकाला, मडचा रोध ५० ओहम-मीटरच्या वर गेला तर वीज भिंतीपर्यंत पोचत नाही; तेलाच्या मडमध्ये एफएमआय निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने.

बेसमेंटमध्ये मड भेगांत पळून जाणं रोजचंच. ते थांबवायला तंतू, अभ्रक, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा टाकतात. हा माल भेगांच्या तोंडात बसतो, पॅडवर लेपतो, आणि एखादं पॅड मध्येच आंधळं झाल्यासारखं दिसतं. लॉग उतरवण्याआधी भोक फिरवून साफ केलं होतं का, याची नोंद मड रिपोर्टमध्ये असते. तो रिपोर्ट इमेजसोबत ठेवा.

भेग कोणाची

चित्रातली प्रत्येक काळी रेघ निसर्गाने केलेली नसते. ड्रिलिंगच्या दाबाने भिंत उभी चिरते. या चिरा समोरासमोर, १८० अंशांवर, बारीक आणि जवळजवळ उभ्या असतात आणि पूर्ण लाट कधी काढत नाहीत. उभ्या विहिरीत त्या सर्वांत मोठ्या आडव्या ताणाची दिशा दाखवतात. ब्रेकआउट, म्हणजे भिंतीची ढासळ, त्यांच्या काटकोनात येते: रुंद, धूसर पट्टे, तिथे पॅड नीट टेकत नाही आणि कॅलिपरचा एक व्यास मोठा तर दुसरा बिटएवढाच. दोघांत काटकोन येत नसेल तर ओळखण्यात कुठेतरी गोंधळ आहे. वर्ल्ड स्ट्रेस मॅप या खडकांतल्या ताणांच्या जागतिक नकाशाच्या प्रतवारीत ब्रेकआउटवरून ‘अ’ दर्जा मिळायला एका विहिरीत किमान दहा वेगवेगळे पट्टे, एकूण किमान १०० मीटर लांबी आणि दिशेतला पसारा १२ अंशांच्या आत लागतो. दोन पट्ट्यांवरून ‘ताणाची दिशा निश्चित’ लिहिणारा अहवाल या मोजपट्टीला लावून पाहा.

या चिरांना नैसर्गिक भेगा समजून मोजलं की रोझ डायग्रामवर (कोणत्या दिशेला किती भेगा हे पाकळ्यांनी दाखवणाऱ्या आकृतीवर) भलतीच ठळक पाकळी येते, आणि ती नेमकी ताणाच्या दिशेला असल्यामुळे पटतेही. इथेच अहवाल तयार करणाऱ्याचा हात कळतो. चांगला माणूस प्रत्येक भेगेपुढे प्रकार लिहितो आणि खात्रीची पायरीही.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये अजून एक चकवा आहे. लाव्हा थंड होताना पडलेले खांबासारखे सांधे उभे आणि सगळ्या दिशांना असतात. त्यांची रोझ विस्कटलेली दिसते, यात टूलची चूक नाही. हे सांधे लाव्हाच्या एकेका प्रवाहाच्या सीमेवर थांबतात. भूहालचालींनी पडलेल्या भेगा दोन-तीन प्रवाह चिरत जातात. दोघांना वेगळं काढायचं तर आधी प्रवाहांच्या सीमा ओळखा: लाल बोलचा चिकणमातीचा थर गडद पट्टा म्हणून उमटतो आणि झिओलाइटने भरलेल्या पोकळ्या फिक्या ठिपक्यांसारख्या. कोयनेजवळच्या गोठणे गावात २०१७ साली पूर्ण झालेली ३,०१४ मीटरची वैज्ञानिक विहीर सुमारे साडेबाराशे मीटर बेसाल्टमधून जाऊन खालच्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये शिरली. अशा विहिरीत सांधे आणि भेगा एकाच रोझमध्ये टाकले, तर वरच्या अर्ध्या भागाचा कचरा खालच्या अर्ध्या भागाचं उत्तर झाकून टाकतो.

भेग उघडी की बंद, हा प्रश्न एफएमआयपुढे अर्धाच सुटतो. क्वार्ट्झ किंवा कॅल्साइटने बुजलेली भेग फिकी दिसते, ती ओळखता येते. चिकणमाती किंवा पायराइटने भरलेली भेग मात्र उघड्या भेगेइतकीच काळी. म्हणून जोडीला डायपोल सॉनिक लॉग घ्या: उघड्या भेगेपाशी स्टोनली लहर (विहिरीच्या भिंतीलगत धावणारी ध्वनिलहर) मागे परततेय का हे दिसतं, आणि वेगवान शिअर लहरीची दिशा भिंतीपासून आत दोन-तीन फुटांपर्यंतच्या भेगांचा स्ट्राइक (कलाच्या काटकोनात, भेग आडवी पसरते ती दिशा) सांगते. मड कोणत्या खोलीवर किती पळाला याची नोंद तर फुकटच असते, ती खोलीनुसार चित्राशेजारी लावा. दिशेसाठी एफएमआय, उघडेपणासाठी सॉनिक आणि मडचे नुकसान, ही विभागणी आम्हाला पैशाला सर्वांत जागणारी वाटते.

विहीर वळवताना

एक नमुना घेऊ. उघड्या भेगांचा गट उत्तरेपासून २० अंशांवर पसरलेला, पूर्व-आग्नेयेकडे ११० अंशांच्या दिशेला ७५ अंशांनी कललेला, दोन भेगांमध्ये एक मीटर अंतर. या गटातून १०० मीटर विहीर मारली तर किती भेगा भेटतील? उभ्या विहिरीला २६. विहीर ६० अंशांनी कलवून २९० अंशांकडे, म्हणजे भेगांच्या कलाच्या उलट दिशेला नेली तर ९७. तेवढीच कलवून भेगांच्या कलाच्या दिशेला, ११०कडे नेली तर ७१. आणि स्ट्राइकच्या दिशेला, २०कडे नेली तर १३, म्हणजे उभ्या विहिरीच्या निम्म्या. २९० आणि ११० ही एकाच रेषेची दोन टोकं, तरी २६ भेगांचा फरक पडतो. ‘स्ट्राइकला आडवी मारा’ एवढा सल्ला म्हणून अपुरा आहे.

आता ती महाग चूक. अहवालातल्या तक्त्यात ‘०२० / ७५’ असं लिहिलेलं असतं. हे २० म्हणजे स्ट्राइक की डिपची दिशा? काही सॉफ्टवेअर एक देतात, काही दुसरं. वाचणाऱ्याने २० ही डिपची दिशा समजली, तर तो विहीर २००कडे वळवेल आणि त्या विहिरीलाही १३च भेगा भेटतील. ९७च्या जागी १३, आणि लॉगमध्ये काडीची चूक नाही. तक्त्याच्या मथळ्यात ‘डिपची दिशा, खऱ्या उत्तरेपासून’ असं शब्दांत लिहून घ्या. स्ट्राइक हवाच असेल तर उजव्या हाताच्या नियमाने, कल उजवीकडे येईल असा.

वरच्या आकड्यांतच दुसरी मेख आहे. उभ्या विहिरीने उभट भेगा कमी पाहिलेल्या असतात, सपाट जास्त. रोझ काढण्याआधी प्रत्येक भेगेला कोनानुसार वजन द्यावं लागतं. रूथ तेर्झाघी यांनी १९६५मध्ये मांडलेली ही दुरुस्ती. विहिरीला जवळजवळ समांतर असलेल्या भेगांचं वजन अनंताकडे पळतं, म्हणून त्याला वरची मर्यादा घालतात. ती कितीवर घातली हे अहवालात असायला हवं. आणि उभ्या विहिरीला एकही उभी भेग भेटली नाही, तर शून्याला कितीही वजन द्या, शून्यच राहतं.

कोणत्या गटाला आडवं जायचं हा वेगळाच निर्णय. ‘मोठ्या ताणाला समांतर भेगा उघड्या, म्हणून लहान ताणाच्या दिशेला विहीर’ हा सरधोपट नियम बऱ्याच ठिकाणी लावला जातो. बार्टन, झोबॅक आणि मूस यांनी १९९५मध्ये कॅलिफोर्नियातल्या केहॉन पाससह काही खोल विहिरींत दाखवलं की पाणी वाहणाऱ्या भेगा बहुतेक सध्याच्या ताणाखाली सरकायच्या बेतात असलेल्या होत्या. आडव्या सरकणीच्या प्रदेशात अशा भेगा मोठ्या ताणाशी साधारण ३० अंशांचा कोन करतात, समांतर नसतात. त्यामुळे ताणाची दिशा आणि भेगांची दिशा अहवालात वेगवेगळी मागा, आणि त्यांची सांगड स्वतः घाला.

पर्याय

तेलाच्या मडमध्ये त्याच कंपनीचं जुनं ओबीएमआय आठ इंची भोकात जेमतेम ३२ टक्के भिंत दाखवतं. स्तरांच्या कलाला ठीक, भेगांसाठी तोकडं. क्वांटा जिओ आल्यापासून तेलाच्या मडमध्येही आठ इंचीत ९८ टक्के भिंत दिसते. पण तिथे उघडी भेग तेलाच्या मडने भरलेली, म्हणून उघडी आणि क्वार्ट्झने बुजलेली यांत गल्लत होते. अल्ट्रासॉनिक यूबीआय पूर्ण भिंत दाखवतं, कोणत्याही मडमध्ये चालतं, ब्रेकआउट मोजायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. तोटा म्हणजे वेग: बारीक नोंदीसाठी ताशी ४०० फूट धरलं तर ५०० मीटरला चार तासांहून जास्त. शिवाय मड जड झाला की आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येत नाही. केसिंगखाली मोजकाच महत्त्वाचा टप्पा असेल तर विजेचं चित्र आणि यूबीआय, दोन्ही लावा.

हॅलिबर्टनचं एक्सआरएमआय सहा हातांचं, १५० बटणांचं. लंबवर्तुळाकार भोकात सहा हात चारांपेक्षा बरे टेकतात. दिशेच्या कामात एफएमआयच्या तोडीस तोड. ज्याची क्रू आणि ज्याचा अर्थ लावणारा चांगला, त्याचं घ्यावं.

ड्रिल करता करता चित्र देणारं जिओव्हिजन भिंतीचे ५६ भाग करतं आणि बटण एक इंचाचं. बारीक भेगा दिसत नाहीत, मोठ्या दिसतात, आणि विहीर चालू असतानाच वळवता येते, जे तारेवरच्या लॉगला जमत नाही. आडव्या विहिरीत, जिथे तार खाली जात नाही, तिथे हाच पहिला पर्याय.

दिशा खुणावलेला कोअर, म्हणजे तीन पात्यांनी खाच पाडत काढलेला नमुना, अजूनही शेवटचा साक्षीदार: भेगेत काय भरलंय ते डोळ्यांनी दिसतं. पण भेगाळ खडकात तुकडे एकमेकांवर फिरतात आणि खाचेची रेघ तुटते. म्हणून स्वस्त मार्ग असा की नऊ-अठरा मीटर साधा कोअर काढायचा, त्यातल्या भेगा एफएमआयवर शोधायच्या आणि दिशा चित्रावरून कोअरला द्यायची.

करारात काय लिहावं

कच्ची डीएलआयएस फाइल (लॉगचे मूळ आकडे), केवळ रंगीत पीडीएफ नाही. मॅग्नेटोमीटर-ॲक्सेलेरोमीटरची तपासणी खोलीनुसार. किमान ६० मीटरची पुनरावृत्ती फेरी, शक्यतो भेगाळ भागात. दोन्ही फेऱ्यांत तीच भेग पाच अंशांच्या आत आली पाहिजे. स्थिर आणि गतिमान, दोन्ही रंगसंगतींतली चित्रं: गतिमान चित्र दर मीटरभर रंग ताणून बारीक भेगा उठावदार करतं, पण त्यावरून खडक बदलला की नाही हे कळत नाही, त्यासाठी स्थिर. भेगांचा तक्ता आकड्यांच्या फाइलमध्ये, त्यात खोली, विहिरीच्या हिशेबाचा कल, खरा कल, डिपची दिशा, प्रकार, खात्री. शुल्क टूल किती खोल नेलं आणि किती लांबीचा लॉग घेतला यावर असतं, अर्थ लावण्याचं बिल वेगळं. ते कोटेशनमध्ये आधीच उघडं करून घ्या, नाहीतर रिगवर चित्र येतं आणि तक्ता महिनाभराने.

शक्य असेल तर शंभर मीटरचा टप्पा दुसऱ्या स्वतंत्र माणसाकडून, पहिल्याचा तक्ता न दाखवता, मोजून घ्यावा. भेगांची संख्या जुळत नाही, ते चालतं. गटांच्या दिशा जुळत नसतील तर विहीर वळवण्याचा आदेश थांबवा.

आणि ज्या विहिरीत मड उभाच राहत नाही, पातळी सतत खाली जाते किंवा जी वायूवर मारली जाते, तिथे एफएमआय मागवू नका. पॅड आणि भिंतीच्या मधे वीज नेणारा द्रव नसला तर १९२ बटणं असून नसल्यासारखी. तिथे सॉनिक आणि यूबीआयलाही द्रवच लागतो. त्या विहिरीत पैसे कोअरवर घालवा.